स्लाव्हिक भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचे कितपत समजते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन शिकली की पोलिश, चेक, सर्बियन या भाषाही समजू लागतात का, हा प्रश्न पुण्यातील रशियनच्या वर्गात दर वर्षी पहिल्या पंधरवड्यातच विचारला जातो. विचारणाऱ्यांत युरोपात नोकरीसाठी जाण्याच्या तयारीतले अभियंते असतात, वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या मुलांचे पालक असतात आणि केवळ भाषेच्या ओढीने आलेले निवृत्त लोकही असतात. त्यांना वर्षानुवर्षे दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. स्लाव्हिक शब्दांचे उच्चार देवनागरीत जितके जवळ जाता येईल तितके जाऊन लिहिले आहेत. काही ध्वनी, विशेषतः पोलिशमधले, देवनागरीत नेमके उतरत नाहीत.

स्लाव्हिक भाषा म्हणजे नेमक्या कोणत्या?

सुमारे ३० कोटी लोकांच्या मातृभाषा या कुटुंबात येतात आणि अभ्यासक त्यांच्या तीन शाखा मानतात. रशियन, युक्रेनियन आणि बेलारुशियन या पूर्व शाखेतल्या. पोलिश, चेक, स्लोव्हाक आणि जर्मनीच्या पूर्व भागात टिकून राहिलेल्या दोन सोर्बियन भाषा पश्चिम शाखेतल्या. तर स्लोव्हेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, माँटेनिग्रिन, मॅसेडोनियन आणि बल्गेरियन या दक्षिण शाखेतल्या.

या शाखा एकमेकींपासून दूर गेल्या त्याला फार काळ लोटलेला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इ. स. ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ग्रीसमधील थेस्सालोनिकीहून निघून आजच्या चेक-स्लोव्हाक प्रदेशातल्या मोराव्हियात धर्मप्रसारासाठी गेले, तेव्हा त्यांनी आपल्या गावाकडच्या दक्षिणी स्लाव्हिक बोलीत भाषांतरित केलेले धर्मग्रंथ सोबत नेले आणि ते तिकडच्या लोकांना समजले. त्या शतकाच्या अखेरीस मग्यार, म्हणजे हंगेरियन, टोळ्या मध्य युरोपच्या मैदानात येऊन स्थिरावल्या आणि दक्षिणेकडील स्लाव्ह लोकांचा पश्चिमेकडील स्लाव्ह लोकांशी असलेला सलग शेजार तुटला. भाषांच्या इतिहासात हजार-अकराशे वर्षे म्हणजे थोडा काळ, आणि म्हणूनच या भाषांमधले साम्य आजही इतके ठळकपणे कानावर येते.

मग या सर्वांना एकमेकांचे बोलणे समजते का?

काही जोड्यांमध्ये जवळजवळ सगळे समजते, काहींमध्ये विषय कळतो पण मुद्दा निसटतो आणि काहींमध्ये ओळखीच्या शब्दांचे तुकडे तेवढे हाती लागतात. एक छोटे उदाहरण घेऊ.

मॉस्कोच्या मेट्रोत डबा सुटण्याआधी ‘अस्तरोझ्ना, द्वेरी झक्रिवायुत्सा’ अशी सूचना ऐकू येते. सावध राहा, दारे बंद होत आहेत, असा तिचा अर्थ. कीव्हच्या मेट्रोत तीच सूचना ‘ओबेरेझ्नो, द्वेरी झाचिन्यायुत्स्या’ अशी होते. प्रागमध्ये प्रवाशांना आधी चढणे-उतरणे आटोपण्याची विनंती केली जाते आणि मग ‘द्वेर्झे से झावीरायी’ हे शब्द येतात. तिन्हीकडे ‘दार’ हा शब्द एकच आहे, आणि मराठी माणसालाही त्यात ‘द्वार’ सहज दिसते. मात्र ‘बंद होणे’ हे क्रियापद तिन्हीकडे निराळे आहे. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाला याने काही फरक पडत नाही, कारण दार हा शब्द ऐकू येतो, समोर दार दिसते आणि उरलेले प्रसंगच सांगतो. तीच क्रियापदे डोळ्यांसमोर दार नसताना, फोनवरच्या वेगवान बोलण्यात आली, तर नुसत्या ‘दार’ या शब्दावर कोणाचे निभावणार नाही. बेलग्रेड, झाग्रेब किंवा सोफियामध्ये तर तोही आधार जातो, कारण दक्षिण शाखेत दाराला ‘व्राता’ म्हणतात. त्याचा भाऊ असलेला रशियनमधला ‘वरोता’ हा शब्द मात्र मोठ्या फाटकासाठी वापरला जातो.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढच्या अनेक उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ती येथेच सांगतो. दोन भाषांचे नाते किती जवळचे आहे यावर समजणे जितके अवलंबून असते, तितकेच ते कोणाचे कान कोणाच्या बोलण्याला सरावलेले आहेत यावर अवलंबून असते.

हे समजणे मोजता येते का?

येते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी चेक, स्लोव्हाक, पोलिश, स्लोव्हेनियन, क्रोएशियन आणि बल्गेरियन या सहा भाषांच्या भाषकांची इंटरनेटवरून चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. चाचणीच्या एका प्रकारात परभाषेतला परिच्छेद ऐकवला जाई, त्यातल्या काही शब्दांच्या जागी नुसता बीप असे, आणि त्या रिकाम्या जागी कोणता शब्द बसेल ते ऐकणाऱ्याने निवडायचे असे. एखादा शब्द ओळखीचा वाटणे आणि वाक्याचा धागा हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही पद्धत दुसरी गोष्ट तपासते, म्हणून ती मला अधिक विश्वासार्ह वाटते. चेक आणि स्लोव्हाक भाषकांनी एकमेकांच्या भाषेत ९० टक्क्यांहून अधिक जागा अचूक भरल्या. बल्गेरियनचा इतर पाच भाषांशी असलेला व्यवहार मात्र सर्वांत कमकुवत ठरला.

चेक आणि स्लोव्हाक लोकांना एकमेकांचे इतके चांगले कसे समजते?

नाते तर जवळचे आहेच, पण खरे कारण एकत्र काढलेल्या दिवसांत आहे. १९१८ ते १९९२ या काळात, दुसऱ्या महायुद्धाची वर्षे वगळता, दोन्ही समाज चेकोस्लोव्हाकिया या एकाच देशात होते. दूरचित्रवाणीच्या एकाच कार्यक्रमात एक निवेदक चेकमध्ये आणि दुसरा स्लोव्हाकमध्ये बोले आणि भाषांतराची गरज कोणालाच वाटत नसे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरल्यानंतर मॉस्कोहून परतलेले कम्युनिस्ट पक्षाचे नेते अलेक्झांडर दुब्चेक रेडिओवरून देशाशी बोलले ते स्लोव्हाकमध्ये. आवाज दाटून आल्यामुळे ते मध्ये मध्ये थांबत होते, आणि त्या थांबण्याचा अर्थसुद्धा प्रागपासून पूर्व स्लोव्हाकियातल्या कोशित्सेपर्यंत सर्वांना सारखाच कळला.

देश वेगळे झाल्यानंतर चित्र थोडे बदलले आहे. स्लोव्हाकियाची बाजारपेठ लहान असल्यामुळे तेथे चेक पुस्तके, चेक आवाज दिलेले चित्रपट आणि नाताळात दाखवल्या जाणाऱ्या चेक परीकथा आजही घरोघरी असतात, त्यामुळे स्लोव्हाक मुलांना चेक कोणी शिकवावी लागत नाही. चेक मुलांच्या कानावर मात्र स्लोव्हाक पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी पडते आणि लहान मुले कधी कधी साध्या शब्दांपाशीही अडखळतात. तरीही हजारो स्लोव्हाक विद्यार्थी ब्रनो आणि प्रागच्या विद्यापीठांत शिकतात, त्यांना आपले प्रबंध स्लोव्हाकमध्ये लिहिता येतात, आणि चेक सरकारी कार्यालयांत स्लोव्हाकमधला अर्ज भाषांतराविना स्वीकारला जातो. परस्पर आकलनाला कायद्यानेच मान दिल्याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरीकडे आढळलेले नाही.

सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि माँटेनिग्रिन या चार भाषा आहेत की एकच?

समजण्याच्या कसोटीवर त्या एकच आहेत. चारही प्रमाणभाषा श्तोकावियन नावाच्या एकाच बोलीसमूहावर उभ्या आहेत. १८५० मध्ये व्हिएन्नात काही सर्ब आणि क्रोएट साहित्यिकांनी एकत्र बसून समान साहित्यभाषेचा करार केला, १९५४ मध्ये नोव्ही साद येथे तो नव्या स्वरूपात मांडला गेला, आणि युगोस्लाव्हियाच्या काळात या भाषेला सर्बो-क्रोएशियन म्हटले जाई. १९९१ नंतर देश फुटले आणि नावेही वेगळी झाली.

फरक आहेत आणि ते ऐकणाऱ्याला लगेच जाणवतात. दुधाला बेलग्रेडमध्ये ‘म्लेको’ तर झाग्रेबमध्ये ‘म्लियेको’ म्हणतात. पाव सर्बियात ‘ह्लेब’ आणि क्रोएशियात ‘क्रुह’. रेल्वेगाडी इकडे ‘व्होझ’, तिकडे ‘व्लाक’. हजाराला इकडे ‘हिल्यादा’, तिकडे ‘तिसुचा’. महिन्यांची नावे तर पूर्णच निराळी आहेत, कारण क्रोएशियनने जुनी स्लाव्हिक नावे राखली आणि सर्बियनने लॅटिन वळणाची स्वीकारली. पण यांतला एकही फरक संभाषण थांबवत नाही. माजी युगोस्लाव्हियासाठी हेग येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या भाषांसाठी बोस्नियन-क्रोएशियन-सर्बियन असे एकच जोडनाव वापरले आणि दुभाष्यांचीही एकच व्यवस्था ठेवली. बोस्नियातील सिगारेटच्या पाकिटावर धूम्रपानाचा इशारा देशातल्या तिन्ही अधिकृत भाषांत छापला जातो. ‘पुशेन्ये उबिया’, म्हणजे धूम्रपान जीव घेते, हेच दोन शब्द तीनदा येतात, दोनदा लॅटिन लिपीत आणि एकदा सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन ज्या लिपीत लिहितात तिच्यात.

२०१७ मध्ये साराजेव्होत समान भाषेविषयीचे एक जाहीरनामापत्र प्रसिद्ध झाले. त्यात चारही देशांतील लेखक आणि भाषातज्ज्ञांनी ही अनेक प्रमाणरूपे असलेली एकच भाषा आहे असे म्हटले, आणि त्याचबरोबर प्रत्येक समाजाला तिला स्वतःचे नाव देण्याचा हक्क असल्याचेही मान्य केले. मला ही भूमिका पटते. भाषेचे नाव ठेवण्यामागे युद्धात गमावलेल्या माणसांच्या आठवणी असतात, आणि ‘शेवटी एकच तर आहे’ असे बाहेरच्याने सहज बोलून जाणे त्या माणसांना दुखावणारे ठरते. क्रोएशियातल्याच किनाऱ्यावरची चाकावियन आणि झाग्रेबच्या आसपासची कायकावियन या बोली मात्र श्तोकावियनपासून इतक्या वेगळ्या आहेत की अस्सल रूपात त्या बेलग्रेडच्या माणसालाच काय, क्रोएशियाच्या पूर्व भागातल्या माणसालाही कठीण जातात.

रशियन माणसाला युक्रेनियन समजते का?

सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. युक्रेनियन माणसाला रशियन समजते, हे बहुतांशी खरे आहे. त्यावरून रशियन माणसालाही युक्रेनियन समजत असणार असा निष्कर्ष काढला जातो आणि तो चुकीचा आहे. मराठी वाचकाला हे पटवून देण्याची फारशी गरज नसावी, कारण मुंबई-पुण्यातल्या माणसाला हिंदी समजते म्हणून लखनौच्या माणसाला मराठी समजते असे कोणी म्हणणार नाही. शाळा, सैन्य, कारखाने, चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतून सोव्हिएत काळात रशियन प्रत्येक युक्रेनियन घरात पोहोचली. उलट दिशेचा रस्ता कधी बांधलाच गेला नाही. युक्रेनियन कधीही न ऐकलेला सैबेरियातला माणूस युक्रेनियन बातम्या ऐकू लागला, तर त्याला विषय कळतो, पण तपशील हातून सुटतात.

शब्दसंग्रह पाहिला म्हणजे कारण उलगडते. लाल रंगाला युक्रेनियनमध्ये ‘चेर्व्होनी’, पोलिशमध्ये ‘चेर्व्होनी’च, चेकमध्ये ‘चेर्व्हेनी’ म्हणतात. रशियन एकटी ‘क्रास्नी’ म्हणते, ज्याचा मूळ अर्थ सुंदर असा होता. धन्यवाद म्हणण्यासाठी युक्रेनियनमध्ये ‘द्याकुयु’, बेलारुशियनमध्ये ‘ज्याकुय’, पोलिशमध्ये ‘जेंकुये’ हे शब्द आहेत, रशियनमध्ये ‘स्पसीबा’. आठवड्याला युक्रेनियनमध्ये ‘तिझ्देन’, पोलिशमध्ये ‘तिजेन’, चेकमध्ये ‘तीदेन’. हे सारखेपण योगायोगाने आलेले नाही. १५६९ मध्ये लुब्लिन येथे झालेल्या करारानंतर युक्रेनचा मोठा भाग दीर्घकाळ पोलिश राजवटीखाली होता आणि शहरी जीवन, कायदा, शिक्षण यांचे शब्द त्या काळात दोन्ही भाषांत एकमेकांकडे गेले-आले. ध्वनी आणि व्याकरण पाहता युक्रेनियन पूर्व शाखेतलीच आहे, मात्र रोजच्या शब्दांत तिची बेलारुशियनशी आणि पुष्कळदा पोलिशशी जवळीक रशियनपेक्षा अधिक आहे.

युक्रेनियन ही रशियनचीच बोली आहे, असे म्हणण्यामागे भाषाशास्त्र नव्हते, सत्ता होती. १८६३ मध्ये रशियन साम्राज्याचे गृहमंत्री वालुयेव्ह यांनी एका परिपत्रकाने युक्रेनियनमधली धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तके रोखली आणि १८७६ मध्ये झारने एम्स येथे काढलेल्या फर्मानाने ती बंदी आणखी कडक केली. जी भाषा नाहीच असे सांगितले जात होते, तिच्यावर बंदी घालण्यासाठी दोन-दोन आदेश काढावे लागले. रशियाच्या २०२२ च्या आक्रमणानंतर ‘पाल्यानीत्स्या’ हा एका पावाचे नाव असलेला साधा शब्द युक्रेनमध्ये माणूस ओळखण्याची खूण बनला, कारण त्यातले स्वर आणि मृदू व्यंजने रशियन वळणाच्या जिभेला नेमकी साधत नाहीत. दोन भाषांमधले अंतर किती आहे हे सामान्य माणूसही किती बारकाईने ओळखतो, ते या एका शब्दातून दिसते.

बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते, हेही नमूद केले पाहिजे. युक्रेनमधल्या अशा मिश्र बोलीला सुर्झिक म्हणतात आणि बेलारूसमधलीला त्रस्यांका. दोन्ही नावे शेतीतून आली आहेत, पहिले मिसळलेल्या धान्याच्या पिठावरून आणि दुसरे गवत व पेंढा यांच्या मिश्र चाऱ्यावरून.

पोलिश ऐकताना इतर स्लाव्ह लोक गोंधळतात ते का?

कारण ओळखीचे शब्द तेथे अनोळखी कपडे घालून येतात. बाकीच्या बहुतेक भाषांनी टाकून दिलेले अनुनासिक स्वर पोलिशने राखले, म्हणून रशियन आणि चेकमधला ‘रुका’, म्हणजे हात, पोलिशमध्ये ‘रेंका’ होतो आणि दाताचा ‘झुब’ तेथे ‘झाँब’ होतो. जिथे रशियनमध्ये नदीला ‘रेका’ म्हणतात, तिथे पोलिशमध्ये र घासून ‘झेका’ होते आणि चेकमध्ये र व झ एकत्र उच्चारलेला तो प्रसिद्ध ध्वनी येतो. पोलिशमध्ये आघात शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर, चेकमध्ये पहिल्या अक्षरावर, तर रशियनमध्ये कुठेही पडतो आणि आघात नसलेले स्वर रशियनमध्ये विरून जातात. लिहिताना ‘मोलोको’ असलेले दूध बोलताना ‘मलको’ ऐकू येते, आणि पोलिश माणसाला आपले ‘म्लेको’ त्यात सापडायला क्षणभर थांबावे लागते.

आनंदाची गोष्ट ही की हे बदल नियमाने होतात. रशियन आणि पोलिशमधला ग हा चेक, स्लोव्हाक, युक्रेनियन आणि बेलारुशियनमध्ये ह होतो. डोंगर रशियनमध्ये ‘गरा’, पोलिशमध्ये ‘गुरा’, चेकमध्ये ‘होरा’. असे दहा-बारा नियम ज्याने मनाशी बसवले, त्याला शेकडो शब्द नव्याने शिकावे लागत नाहीत. मी वर्गात हे नियम फळ्यावर लिहितो आणि विद्यार्थ्यांना चेक वर्तमानपत्राचे मथळे वाचायला देतो. ज्यांनी चेक कधी पाहिलेली नाही, तेही तासाभरात निम्मे मथळे उलगडतात.

लिपीचा अडथळा मोठा आहे का?

नाही. सिरिलिक आठवडाभरात शिकता येते आणि सर्बियात तर दोन्ही लिप्या सर्रास वापरल्या जातात.

सारखे दिसणारे शब्द फसवतात असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

पूर्ण खरे आहे, आणि जितकी भाषा जवळची तितकी फसगत अधिक, कारण दूरच्या भाषेत माणूस आधीच सावध असतो. मराठीतली ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण होते, हे आपण जाणतोच.

यांतला माझा आवडता शब्द ‘पोझोर’. चेकमध्ये त्याचा अर्थ लक्ष द्या, सावधान असा आहे आणि कुत्र्यापासून सावध करणाऱ्या पाटीपासून रस्त्याच्या खोदकामापर्यंत तो सगळीकडे लिहिलेला असतो. रशियनमध्ये याच शब्दाचा अर्थ लाज, बेअब्रू असा आहे. सर्बियनमध्ये त्यापासून ‘पोझोरिश्ते’ झाला, म्हणजे नाट्यगृह. मुळाशी पाहणे या अर्थाचा जुना धातू आहे. पाहा म्हणून चेकमध्ये सावधान, जिथे पाहायला जमतात म्हणून सर्बियनमध्ये नाट्यगृह, आणि चारचौघांच्या नजरेला पडणे म्हणून रशियनमध्ये बेअब्रू. तीन समाजांनी एकाच नजरेतून तीन अर्थ काढले.

प्रागमध्ये एका बेकरीच्या काचेवर ‘चेर्स्त्वे’ हा शब्द लिहिलेला होता. माझ्याबरोबर असलेल्या रशियन बाई तेथून पुढे निघाल्या, कारण रशियनमध्ये ‘चोर्स्त्वी’ म्हणजे शिळा पाव. चेकमध्ये त्याचा अर्थ ताजा. काचेमागे पावांतून वाफ निघताना दिसत होती, तरी शब्दाचा परिणाम इतका पक्का होता की मी अर्थ सांगितल्यावरच त्या आत आल्या. असेच ‘ऊझास्नी’ हे चेकमध्ये अद्भुत आणि रशियनमध्ये भयंकर. पोलिश ‘उरोदा’ म्हणजे सौंदर्य, तर रशियन ‘उरोद’ म्हणजे विद्रूप माणूस. चेक ‘रोदिना’ म्हणजे कुटुंब आणि रशियन ‘रोदिना’ म्हणजे मातृभूमी. पोलिश ‘शुकाच’, म्हणजे शोधणे, हे क्रियापद चेकमध्ये अश्लील आहे, म्हणून पोलिश येणाऱ्याने प्रागमध्ये हरवलेली वस्तू शोधताना दुसरा शब्द वापरावा.

कामकाजात खरा घोळ होतो तो काळवाचक शब्दांनी. ‘नेद्येल्या’ रशियनमध्ये आठवडा, पण इतर बहुतेक स्लाव्हिक भाषांत त्याच शब्दाची रूपे रविवारासाठी आहेत. ‘गोदिना’ सर्बियन आणि बल्गेरियनमध्ये वर्ष, तर त्याचीच भावंडे असलेली चेक ‘होदिना’ आणि पोलिश ‘गोजिना’ म्हणजे तास. ‘लिस्तोपाद’, म्हणजे पानगळीचा महिना, पोलिश आणि चेकमध्ये नोव्हेंबर आहे आणि क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. करारपत्रात किंवा भेटीची वेळ ठरवताना हे शब्द आले, तर अंदाजावर राहू नये.

बल्गेरियन आणि मॅसेडोनियन यांचे काय?

या दोघींना एकमेकींचे उत्तम समजते आणि बाकीच्यांपासून त्या एका बाबतीत दोघीही वेगळ्या आहेत. नामाच्या विभक्ती त्यांनी जवळजवळ सोडून दिल्या आणि निश्चितता दाखवणारे उपपद नामाच्या शेवटी जोडले. ‘क्निगा’ म्हणजे पुस्तक, ‘क्निगाता’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक. मॅसेडोनियनमध्ये तर जवळचे, दूरचे आणि सर्वसाधारण अशी तीन उपपदे आहेत. सहा-सात विभक्तींची सवय असलेल्या रशियन किंवा पोलिश कानाला यामुळे वाक्यातले संबंध सापडत नाहीत. वाचताना मात्र रशियन माणसाचे बरे चालते, कारण चर्चच्या जुन्या स्लाव्हिक भाषेतून रशियनने अनेक भारदस्त आणि अमूर्त शब्द घेतले आहेत आणि ती भाषा बल्गेरियनच्या पूर्वजांपैकीच होती. समोरासमोर बोलताना एक वेगळीच काळजी घ्यावी लागते, कारण बल्गेरियात परंपरेने नकारासाठी मान वर-खाली हलवतात आणि होकारासाठी आडवी.

मॅसेडोनियनचे प्रमाणीकरण १९४४-४५ मध्ये झाले. बल्गेरियातले अनेक जण तिला बल्गेरियनचेच रूप मानतात, आणि इतिहास व भाषा यांवरील या वादामुळेच २०२० मध्ये बल्गेरियाने उत्तर मॅसेडोनियाच्या युरोपीय संघाशी होऊ घातलेल्या वाटाघाटी अडवल्या. एकमेकांचे शब्दन् शब्द समजणारे दोन शेजारी भाषेवरूनच अडून बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्लोव्हेनियन लोकांना क्रोएशियन समजते, पण क्रोएट लोकांना स्लोव्हेनियन तितकी समजत नाही. असे का?

ग्रोनिंगनच्या चाचणीतही ही तफावत स्पष्ट दिसली. स्लोव्हेनियन बोलणारे सुमारे २० लाख. युगोस्लाव्हियात त्यांना सर्बो-क्रोएशियन शिकावी लागे आणि आजही त्यांची सुटी क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जाते. उलट बाजूला तशी गरज कधी पडली नाही. शिवाय स्लोव्हेनियनमध्ये बोलींची संख्या मोठी आहे आणि तिने सोर्बियनप्रमाणे द्विवचन जिवंत ठेवले आहे. संस्कृत शिकताना ‘रामौ’ घोकलेल्या वाचकाला दोन माणसांसाठी आजही वेगळी क्रियापदरूपे वापरणारे शेजारी-पाजारी पाहून नक्कीच आनंद होईल.

सर्व स्लाव्ह लोकांना समजेल अशी एखादी भाषा तयार करता येईल का?

प्रयत्न जुना आहे. सतराव्या शतकात युराय क्रिझानिच या क्रोएट धर्मगुरूने सैबेरियातल्या तोबोल्स्क येथे हद्दपारीत असताना सर्व स्लाव्ह लोकांसाठी एका समान भाषेचे व्याकरण लिहिले. आमच्या काळात, २००६ पासून, इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी आंतरस्लाव्हिक नावाची भाषा घडवली. प्रत्येक शब्द निवडताना तो जास्तीत जास्त स्लाव्हिक भाषांत कसा आढळतो हे पाहिले गेले, म्हणून ती ऐकणाऱ्याला आपल्याच भाषेची दूरची बोली वाटते. २०१९ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवल्या गेलेल्या एका चेक चित्रपटात तिचा वापर झाला. गावकऱ्यांच्या क्रौर्याची ती कथा होती आणि कोणत्याही एका राष्ट्राकडे बोट जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता. शिकण्यासाठी मात्र मी कोणालाही आधी एखादी जिवंत भाषाच सुचवतो, कारण नातेवाईक, गाणी आणि भांडणे जिवंत भाषेत असतात.

मराठी किंवा संस्कृत येण्याचा काही उपयोग होतो का?

शब्द लक्षात ठेवायला होतो. दार आणि ‘द्वेर’, नभ आणि ‘नेबो’, मध आणि ‘म्योद’, धूम आणि ‘दीम’, मांस आणि ‘म्यासो’, विधवा आणि ‘व्दोवा’ ही नाती खरी आहेत, कारण दोन्हींचे मूळ भारत-युरोपीय कुळात आहे. विभक्ती म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही, हा त्याहून मोठा फायदा. पण या पाच-पन्नास शब्दांच्या बळावर कोणाचे बोलणे समजेल, अशी आशा धरू नये.

रशियन येते. पोलंड, चेक प्रजासत्ताक किंवा युक्रेनमध्ये ती वापरावी का?

बल्गेरियात आणि सर्बियात वयस्कर माणसांशी ती पुष्कळदा उपयोगी पडते. पोलंड आणि चेक प्रजासत्ताकात १९८९ पर्यंत रशियन शाळेत सक्तीची होती, त्यामुळे साठीच्या पुढच्या लोकांना ती थोडीफार आठवते. पण ती आठवण सुखाची नसते. फेब्रुवारी २०२२ नंतर तर रशियन कोण बोलते आहे आणि का, याकडे लोकांचे लक्ष असते. त्याच दिवसांत युक्रेनमधून बाहेर पडलेल्या आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण पोलंड आणि स्लोव्हाकियाच्या सीमेवरून आले, आणि कामचलाऊ रशियन किंवा युक्रेनियन येणाऱ्यांना पाणी, गाडी, औषध असे शब्द पलीकडेही ओळखीचे वाटले, कारण पाण्याला ‘वोदा’ म्हणणे या साऱ्या मुलखात सारखे आहे.

माझा सल्ला असा आहे की सुरुवात यजमानाच्या भाषेतल्या नमस्काराने करावी आणि मग रशियनमध्ये बोलू का, असे विचारावे. नमस्कार शिकायला वेळ लागत नाही. प्रागमध्ये ‘दोब्री देन’, वॉर्सात ‘जेन दोब्री’, कीव्हमध्ये ‘दोब्री देन’, ल्युब्ल्यानात ‘दोबेर दान’, झाग्रेब आणि बेलग्रेडमध्ये ‘दोबर दान’, सोफियात ‘दोबर देन’. यांतला ‘देन’, ‘जेन’ किंवा ‘दान’ हा शब्द सगळीकडे आपल्या ‘दिन’चाच आहे.